समरसेटच्या तांबड्या गाई

परत आल्यापासून विट्यात जो भेटतो तो विचारतो, "बाई, लंडनला काय काय पाहिलंत?" मी सांगते, राजवाडा बाहेरून पाहिला, नदी बोटीतून पाहिली आणि पाच दिवस गाई पाहिल्या. शेवटचं ऐकून लोक हसतात. बत्तीस वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गुरं तपासली, आता एवढं तिकीट काढून गेली तर तिथंही गुरंच, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. म्हणून त्या पाच दिवसांचं जरा सविस्तर लिहिते.

स्टॅनमोर

माझी थोरली बहीण लग्न होऊन इंग्लंडला गेली त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. ती लंडनच्या कडेला स्टॅनमोरला राहते. समोर दोन गुजराती घरं, कोपऱ्यावर पुण्याहून आलेलं आयटीतलं जोडपं. सकाळी सातला सगळी गल्ली पाठीवर सॅक लावून स्टेशनकडं चालत सुटते आणि मग संध्याकाळपर्यंत रस्त्यावर फक्त मांजरं. भावोजी गेल्यापासून ताई एकटीच आहे, त्यामुळं मी गेले की आमच्या दोघींच्या गप्पांना ताळतंत्र राहत नाही.

"अनघा नक्की काय काम करते गं?" मी दुसऱ्याच दिवशी विचारलं. अनघा तिची मुलगी. तिथंच जन्मली, तिथंच शिकली, आता पस्तिशीला आली.

"बीफचं काहीतरी बघते," ताई पोळी उलटत म्हणाली. "महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना मी नुसतं एन्व्हायर्नमेंट एवढंच सांगते."

रविवारी अनघा आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलतेही भरभर. फक्त शब्दांना लिंग ती मनाला येईल ते लावते. "मावशी, माझा काम बीफ विकायची नाही," ती हसत म्हणाली. "बीफमुळं जमिनीवर आणि हवेवर जो लोड येतो, तो कमी करायचा. मी फार्मर्सबरोबर काम करते. तू गाईंचा डॉक्टर आहेस, यू शुड कम अँड सी."

तिनं मला थोडक्यात सांगितलं ते असं. गाय रवंथ करते तेव्हा तिच्या ढेकरांतून मिथेन बाहेर पडतो आणि तो हवा तापवतो. गोठ्यातल्या गुरांना सोयाबीनची पेंड घालतात, ती परदेशातून येते आणि त्या सोयाबीनसाठी तिकडं कुठं कुठं जंगल तुटलेलं असतं. आणि तिसरं म्हणजे जमीन. एक किलो डाळीला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त जमीन एक किलो बीफला लागते.

यातलं पहिलं मला ठाऊक होतं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, तयार होणारा मिथेन म्हणजे चाऱ्यातली वाया गेलेली शक्ती. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण तो वायू तोंडातून निघाल्यावर पुढं कुठं जातो, हे ना कोणी शिकवलं, ना मी विचारलं.

"सोमवारी माझ्याबरोबर चल," अनघा म्हणाली. "पण एक रिक्वेस्ट आहे. तिथं एक आजी आहेत, जोन म्हणून. त्यांना काही सांगायला जाऊ नकोस प्लीज. व्हेरी डेलिकेट आहे."

मी कबूल केलं.

साउथहॅम्प्टन

अनघा साउथहॅम्प्टनला राहते. बंदराचं गाव. तिच्या खिडकीतून दहा मजली जहाज दिसतं, ते एखाद्या इमारतीसारखं उभं असतं आणि दुसऱ्या दिवशी ती इमारत जागेवर नसते.

सोमवारी दुपारी ती मला एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये घेऊन गेली, तिचं तिथल्या मुख्य आचाऱ्याकडं काम होतं. खाली खिमा आणि वर बटाट्याचा थर असा त्यांचा एक पदार्थ असतो, थंडीत फार खपणारा. त्या आचाऱ्यानं खिमा निम्मा केला होता आणि निम्मी मसूर घातली होती. "सुरुवातीला पाटी लावली, तर कोणी घेईना," तो सांगत होता. "मग पाटी काढली. आता दोन वाजेपर्यंत ट्रे रिकामा होतो." मी बीफ खात नाही, त्यामुळं चव सांगू शकत नाही. पण शेजारच्या टेबलावरचे दोन नर्सबुवा ताटली पुसून खात होते.

समरसेट, मंगळवार

साउथहॅम्प्टनहून पश्चिमेला दोन तास गाडी चालवली की समरसेट परगण्यातला सखल मुलूख लागतो. इतकी सपाट जमीन मी आयुष्यात पाहिलेली नव्हती. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी या रानांच्या वर असते म्हणे. शेतांना कुंपण नाही, कुंपणाच्या जागी पाण्यानं भरलेले सरळ रेषेतले चर. चरांच्या कडेला डोकी छाटलेली वाळुंजाची झाडं.

आमच्या माणदेशात चर खणतात ते पाणी अडवायला आणि मुरवायला. माझ्या नोकरीच्या काळात मी स्वतः श्रमदानात असे चर खणलेत, हाताला फोड येईपर्यंत. इथं पिढ्यान्‌पिढ्या चर खणले ते पाणी घालवायला. हे लक्षात आल्यावर मी गाडीत एकटीच हसले आणि अनघानं काय झालं म्हणून विचारलं.

मार्टिनचं शेत त्या मुलखातल्या एका उंचवट्यावर आहे. शनिवारपर्यंत आमचा मुक्काम तिथंच होता. मार्टिन पन्नाशीचा, बोलायला हळू, चालायला भरभर. त्याच्याकडं नव्वद गाई, सगळ्या तिथल्या जुन्या तांबड्या जातीच्या, पिकलेल्या रातांब्यासारखा रंग. घर त्याचं आणि आईचं, जमीनही दोघांच्या नावावर. आई म्हणजेच जोन. वय एकोणऐंशी, केस बारीक कापलेले, पाठ ताठ. हात पाहिल्याबरोबर कळलं की बाईनं जन्मभर धारा काढल्यात.

तिनं आमच्यासाठी दुपारचं जेवण केलं होतं. टेबलाच्या मधोमध मोठं झाकणाचं भांडं. झाकण काढलं, वाफ आली आणि मी अनघाकडं पाहिलं. अनघानं कपाळाला हात लावला. मी बीफ खात नाही हे तिनं मार्टिनला ईमेलवर कळवलं होतं आणि मार्टिननं तो ईमेल उघडलाच नव्हता.

"आमच्याच गाईचं आहे," जोन म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर वाढलेलं."

"मला माहीत आहे तुम्ही मानानं वाढताय," मी म्हणाले. "पण मी खात नाही. माफ करा."

जोननं झाकण परत ठेवलं. "मग गाईंची डॉक्टर होऊन तुम्ही काय केलंत?"

"आजारी असल्या तर बऱ्या केल्या. मेल्या तर का मेल्या ते पाहिलं."

तिनं उठून पाव, चीज, कांद्याचं लोणचं आणि दोन उकडलेली अंडी माझ्यासमोर ठेवली. चीज फार चांगलं होतं. पण जेवण संपेपर्यंत माझ्याशी पुन्हा कोणी बोललं नाही.

बुधवार

सकाळी मार्टिन आणि अनघानं मला शेत फिरवलं. गाई अजून हिवाळी गोठ्यातच होत्या. तिथं हिवाळाभर जनावरं आत ठेवतात आणि एप्रिलच्या अखेरीला रान जरा धरलं की बाहेर सोडतात. गोठा स्वच्छ होता. एका गाईच्या मागच्या खुराकडं माझं लक्ष गेलं, मी वाकले, आणि मग आठवलं की या देशात मला जनावराला हात लावायचा परवाना नाही. हात मागं बांधून उभी राहिले. मार्टिन म्हणाला, "काय दिसलं?" मी सांगितलं, त्यानं खूर उचलून पाहिलं, फटीत खडा होता. तेवढ्यानं त्याचा माझ्यावर विश्वास बसला.

त्यानं काय काय बदललं ते तो दाखवत गेला. सोयाबीनची पेंड त्यानं बंद केली होती. गवतात क्लोव्हर पेरलं होतं, आपल्या लसूणघासाच्या जातकुळीतलं, त्यामुळं युरिया कमी लागत होता. आणि वेळेवर गाभण न राहणारी गाय तो ठेवत नव्हता.

"रिकामी गायसुद्धा ढेकर देतेच," तो म्हणाला.

माझी निम्मी नोकरी याच एका गोष्टीवर गेली. आमच्याकडं भाकड जनावरांना कोणी खात नाही, विकताही येत नाही, मग ती रस्त्यावर येतात आणि प्लॅस्टिक खातात. मी अशा गाईंच्या पोटातून घमेलंभर पिशव्या काढल्यात. हे मी मार्टिनला सांगितलं. आपण बीफ खात नाही म्हणून आपली गुरं हवेला त्रास देत नाहीत, असं समजायचं काही कारण नाही.

घराखालच्या उतारावर मार्टिनची तीन रानं आहेत, त्यांतल्या सगळ्यात खालच्या रानात मग आम्ही गेलो. घरापासून उतरत गेलं की शेवटचं, चराला लागून असलेलं मोठं सपाट रान. माती काळीभोर, आपल्या कापसाच्या काळ्या मातीसारखी नव्हे, हलकी, चहाच्या चोथ्यासारखी. तिला तिकडं पीट म्हणतात. अनघानं एक लोखंडी सळई दोन बोटांनी दाबली, ती माणसाच्या उंचीएवढी सहज आत गेली.

"हा सगळा जुना झाडं आणि गवत आहे, मावशी. हजारो वर्षांची. पाण्यात बुडाला म्हणून कुजली नाही. चर खणून पाणी काढला की हवा आत जाते, आणि मग ती कुजते आणि कार्बन वर जातो."

"म्हणजे हवाबंद दाबलेल्या चाऱ्याचा, मुरघासाचा खड्डा उघडा पडल्यासारखं," मी म्हणाले.

अनघा माझ्याकडं बघत राहिली. "मी दोन वर्षं हे ग्राफ काढून समजावतेय," ती म्हणाली.

चर तीन शेतांतून जातो. चरात लाकडी फळ्या बसवल्या की पाणी जमिनीच्या वरच्या थरापर्यंत राहतं, पीट भिजलेली राहते आणि कुजणं थांबतं. ओल्या रानात गाई थोड्या आणि थोडेच महिने चरतात. मार्टिनला नव्वदांच्या साठ करायच्या होत्या. पाणी धरून ठेवण्याबद्दल सरकारी योजनेतून काही मिळतं, आणि मांस तो आता गावातल्या घरांना थेट विकू लागला होता. वरचा शेतकरी तयार होता, खालचा तयार होता. मधलं शेत यांचं, आणि यांच्या कागदावर जोनची सही नव्हती. ती नसेल तर तिन्ही शेतांत पाणी धरता येत नव्हतं. हिवाळ्याचं पाणी चरातून निघून जायच्या आत, म्हणजे याच आठवड्यात, फळ्या बसायला हव्या होत्या.

"ते रान माझ्या वडिलांनी कोरडं केलं," मार्टिन म्हणाला. "आई त्यावर बोलतच नाही."

परतताना मी चराच्या कडेनं चालले होते. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, गमबूट नाही निघाला. मार्टिननं आडवं झोपून दोन्ही हातांनी बूट ओढून काढला तेव्हा असा आवाज आला की चराकडेची दोन बदकं उडाली. मी एका पायावर उभी, सलवार काळी. वर घराच्या दारात जोन उभी राहून हे सगळं पाहत होती. मी पोचल्यावर तिनं गरम पाण्याची बादली पुढं केली. म्हणाली, "लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात माझा बूट तिथंच गेला. अजून मिळालेला नाही."

संध्याकाळी मी ताईनं डब्यात दिलेला मसाला काढून अख्खा मसूर केला. जोन वर्तमानपत्र वाचण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरातच बसली होती. मी कांदा किती वेळ परतते ते ती चष्म्यावरून बघत होती. तिखट मी कमीच घातलं होतं, तरी तिचे डोळे भरले. पण तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"मी लहान होते तेव्हा आमच्याकडं मांस रविवारी," ती म्हणाली. "सोमवारी तेच गार. मंगळवारी उरलेल्याचं कालवण. बुधवारपासून बागेतल्या शेंगा आणि बटाटे. रोज बीफ ही नंतरची गोष्ट."

अनघानं तोंड उघडलं आणि मिटलं. मी टेबलाखालून तिला पाय लावला होता.

गुरुवार

गुरुवारी सकाळी गाई बाहेर सोडल्या. हे दृश्य पाहायला मिळालं म्हणून माझी सगळी सहल वसूल झाली. पाच महिने छपराखाली राहिलेल्या नव्वद गाई. मार्टिननं फाटक उघडलं. पहिली गाय उंबऱ्याशी थांबली, नाक वर करून वास घेतला, आणि मग सहाशे किलोंचं ते धूड चारी पाय उचलून उडालं. मागोमाग सगळ्या. म्हाताऱ्या गाई वासरांसारख्या लाथा झाडत धावत होत्या, एकमेकींना डोकी लावत होत्या, मध्येच थांबून तोंडभर गवत ओढत होत्या. आमच्याकडं बेंदराला बैल रंगवतात, सजवतात, त्यांच्यासाठी आपण सण करतो. इथं सणही गाईंनीच केला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेजारी पाहिलं तर जोनचंही तेच.

ती म्हणाली, "चला, बसू."

खालच्या रानाच्या तोंडाशी एक जुना गोठा आहे, खोलवर ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभा. त्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. गाई वरच्या रानात आता शांत चरत होत्या.

"अनघानं तुम्हाला मला समजवायला आणलंय का?" जोननं विचारलं.

"नाही. उलट तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिलीय."

ती पहिल्यांदा हसली.

"आर्थरनं हे रान कोरडं केलं," ती म्हणाली. "आम्ही आलो तेव्हा इथं मेंढरू उभं राहत नव्हतं. त्यानं सगळे चर हातानं साफ केले, नळ बसवले, पंप आणला. सरकारचे लोक स्वतः येऊन सांगायचे, असंच करा. त्या पाण्यात उभं राहून त्याची पाठ गेली. जाऊन सहा वर्षं झाली त्याला. आता तीच माणसं येऊन सांगतात, उलट करा. मी सही केली तर त्यानं आयुष्यभर केलं ते चुकीचं होतं, असं मी लिहून देणार. माझ्यानं ते होत नाही."

अनघाला दिलेला शब्द मला आठवत होता. पण बाई मला शेताबद्दल विचारत नव्हती. म्हणून मी शेताबद्दल बोललेच नाही. हिराबाईबद्दल बोलले.

आटपाडीकडच्या एका वाडीत माझी नेमणूक होती तेव्हा आम्ही खिलार गाईंना परदेशी होल्स्टीन वळूचं कृत्रिम रेतन करत होतो. वरून हुकूम होता, आणि माझाही त्यावर विश्वास होता. दूध हवं होतं, मुलांच्या पोटात ते जात होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. हिराबाईच्या खिलार गाईलाही मी असंच रेतन केलं. तिला झालेली संकरित कालवड मोठी झाली, भरपूर दूध देऊ लागली. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. खिलार त्या उन्हात उभ्या राहिल्या. या संकरित गाईला पाणी जास्त लागायचं, सावली लागायची, आणि गोचीड तापानं ती गेली. मी पोचले तेव्हा हिराबाई तिच्या डोक्याशी बसली होती. म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलं म्हणून केलं."

"मग तुम्ही काय केलंत?" जोननं विचारलं.

"तीन वर्षं काहीच नाही. रेतन करत राहिले. मग एकदा ग्रामसभेत उभी राहून सांगितलं, की बागायतीत ठीक होतं, पण या कोरड्या रानासाठी मी दिलेला सल्ला बरोबर नव्हता. इथं खिलारच ठेवा, आणि चारा असेल तेवढीच ठेवा."

"लोक काय म्हणाले?"

"एकजण उठून गेला. हिराबाई शेवटपर्यंत बसली. नंतर म्हणाली, हे आधी सांगायला हवं होतंत."

"माफ केलं तिनं?"

"ते मी विचारलं नाही. पण पुढची गाय तिनं माझ्याकडूनच तपासून घेतली."

जोन समोर बघत होती. "तुमच्यावर आधीचा सल्ला चुकला म्हणून राग नव्हता तिचा," ती हळूच म्हणाली. "उशिरा सांगितलंत म्हणून होता."

"हो. मलाही तसंच वाटतं."

मग तिनं आम्ही बसलो होतो त्या पायऱ्यांवर हात ठेवला. "हा गोठा बांधला तेव्हा इथं एक पायरी होती," ती म्हणाली. "आता मोजा."

मी मोजल्या. चार होत्या. खालच्या तीन वेगवेगळ्या लाकडांच्या, वेगवेगळ्या काळात ठोकलेल्या. गोठा खांबांवर जागच्या जागी उभा होता आणि रान त्याच्या खालून दबत, कुजत, उतरत गेलं होतं.

"काही वर्षं गेली की आर्थर एक पायरी वाढवायचा," जोन म्हणाली. "का, ते त्याला कळत होतं. मलाही कळत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. तो नुसता फळी आणि हातोडा घेऊन यायचा आणि मी खिळे धरायची."

वाऱ्यावर रानाचा ओला वास येत होता. थोड्या वेळानं ती उठली आणि गाई मोजायला निघून गेली.

शुक्रवार

नाश्त्याला जोन कागद घेऊनच आली. चष्मा लावला, आणि मार्टिनला म्हणाली, "दोन अटी."

पहिली अट, यंदा फक्त खालचं रान. वरच्या दोन रानांचं पुढं बघू. दुसरी, एकही गाय या कारणासाठी बाजारात जाणार नाही. म्हाताऱ्या होतील तशा कमी होऊ देत, नव्या कालवडी कमी ठेव.

"त्याला पाच वर्षं लागतील, आई," मार्टिन म्हणाला.

"माझा विचार बदलायला यापेक्षा जास्त लागली," जोन म्हणाली आणि सही केली.

अनघाला तिन्ही रानं हवी होती. तिचा चेहरा मी पाहिला, त्यात आधी थोडी निराशा होती. मग तिनं नकाशा उघडला, चराच्या रेषेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "इट वर्क्स. मावशी, खालचा रान मिळाला की चर पूर्ण होते." दोन वर्षं ती दर महिन्याला इथं येत होती, आणि जोननं तिला चहा दिला नाही असं एकदाही झालं नव्हतं, आणि होकार दिला असंही एकदाही झालं नव्हतं. जोननं तिच्यासमोर भाजलेल्या पावाची ताटली सरकवली. "खा आधी. किती वाळलीयस."

दुपारी फळ्या बसवल्या. चरात दोन्ही काठांना खाचा असलेली सिमेंटची चौकट होती, त्यात ओकच्या जाड फळ्या एकावर एक सरकवायच्या. पहिल्या दोन मार्टिननं पाण्यात उतरून बसवल्या. तिसरी जोननं मागितली. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी धरून तिनं ती खाचेत सोडली आणि वरून लाकडी मोगरीचे दोन ठोके दिले.

काही झालं नाही. पाणी जसं होतं तसंच. आम्ही चौघं काठावर उभे राहून चराकडं बघत होतो.

"एवढंच?" जोन म्हणाली.

"एवढंच," अनघा म्हणाली. "आता वाट बघायचा."

रात्री बारीक पाऊस पडला.

शनिवार

आम्हाला दुपारी निघायचं होतं. गाडीत सामान ठेवलं आणि जोननं मला खालच्या रानाकडं चल म्हणून खूण केली. या वेळी मी चरापासून लांबून चालले.

पाणी फळीपाशी वीतभर चढलं होतं. काठाजवळच्या खोलगट जागी गवताची पाती पाण्यात उभी होती, आणि कुठून तरी लांब चोचीचा एक ठिपकेदार पक्षी येऊन तिथं चिखलात टोचत होता. आम्हाला पाहून तो उडाला, नागमोडी वळत वळत गेला. जोननं त्याचं नाव सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं नाही. तो तिनं या रानात कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, एवढं लक्षात राहिलं.

तिनं बुटाची टाच जमिनीत दाबली आणि पाय उचलला. टाचेचा खळगा हळूहळू तपकिरी पाण्यानं भरला. ती बराच वेळ त्याकडं बघत राहिली.

"आर्थर भयंकर चिडला असता," ती म्हणाली. "तीन दिवस माझ्याशी बोलला नसता."

"आणि मग?"

"मग इथं येऊन फळी तिरकी बसलीय म्हणाला असता."

ती चराच्या काठाशी वाकली, एक डोळा मिटून फळीच्या वरच्या कडेवरून पाहिलं. तिरकी होती, जराशी. तिनं मार्टिनला हाक मारली आणि मोगरी आणायला सांगितली.